बोरमाळेचं सोनं

सांगली
२८ ऑक्टोबर १९७४

तीर्थरूप मामा आणि मामी,

आकारामचा दोघांना नमस्कार. माझ्या लेकीला, छबूला गोड पापा.

पत्राला उशीर झाला. कारखान्याचा हंगाम तोंडावर आला आहे. बॉयलरच्या कामात आम्हा फिटर लोकांना दसऱ्याचं सोनंसुद्धा कळकट हातांनीच वाटावं लागलं. पण आज लिहायलाच बसलो, कारण बातमी तशी आहे. कारखान्याने बोनस जाहीर केला. मी गेल्या साली कायम झालो, म्हणून या खेपेला यादीत माझंही नाव आहे. एवढी रक्कम एका वेळी मी कधी हातात धरलेली नाही.

खोलीतल्या बाकीच्यांचं ठरूनसुद्धा गेलं. नानासो रेडिओ घेणार आहे. मला मात्र काही सुचत नाही. खरं सांगू का मामा? सुचतं, पण ते आता करता येत नाही.

तुमची विजयमाला असताना आम्हा नवराबायकोचं बोलणं झालेलं होतं. मी हंगामी होतो, वर्षातले काही महिने घरीच बसायचो. ती म्हणायची, "कायम झालासा की पयल्या बोनसची मला बोरमाळ." मी चिडवायचो, की तुझ्या गळ्याला काळी पोतच शोभते. ती म्हणायची, "शोभू द्या की. बोरमाळ घेनार म्हंजी घेनार." ती गेल्या साली आषाढात गेली आणि त्याच दिवाळीनंतर मी कायम झालो. आता बोनस आला आहे आणि गळा नाही.

तुम्ही पलटणीत आयुष्य काढलेले, पैसा जपून वापरणारे. छबू तुमच्यापाशी वाढते आहे. तेव्हा या पैशांचं काय करावं ते आधी तुम्ही दोघांनी सांगावं. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही.

आपला
आकाराम

कोरेगाव
४ नोव्हेंबर १९७४

चिरंजीव आकारामराव जावईबापूंना आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुमच्या मामीला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिला नीट ऐकू आलं नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा बोरमाळेच्या जागी ती उठून चुलीपाशी गेली म्हणून. चूल पेटवलेली नव्हती, तरी धुराच्या नावाने डोळे पुसत बसली होती.

आता कामाचं बोलू. पैसा एकरकमी आला की माणसाला खाज सुटते. आमच्या पलटणीत सुट्टीवर निघालेला जवान कॅन्टीनमधून ट्रान्झिस्टर घेऊन गावी यायचा. आठ दिवसांत त्याचे सेल संपायचे. मग घरचे त्याच्याकडे बघत बसायचे आणि तो ट्रान्झिस्टरकडे. तुमच्या नानासोला हे सांगा. तुम्हाला माझा हुकूम असा, की सगळी रक्कम पोस्टात छबूच्या नावावर टाका आणि विसरून जा. तिच्या लग्नात आठवण करा.

तुमच्या मामीचा हुकूम वेगळा आहे. आमच्या घरात वरचा हुद्दा तिचाच, म्हणून तोही कळवतो. ती म्हणते, "पोस्टातला पैसा काय दूध देतोय व्हय? पाव्हण्यांना म्हणावं, दुभती म्हस घ्या. पोरीच्या दुधासाठनं मला दुसऱ्याच्या दारात भांडं घिऊन जावं लागतं. म्हस हितं बांधा, पोरगी माज्यापाशी दूधतूप खाऊन वाढंल."

मी म्हटलं, "बोनस त्यांचा आणि म्हैस तुझ्या दारात?"

"आवं, पोरगीबी माज्याच दारात हाय की," म्हणाली.

छबूची तब्येत झकास आहे. ती भाकरी खात नाही. परातीतल्या शेवटच्या पिठाची तळहाताएवढी चानकी मामीने तिच्यासाठी वेगळी थापायची. ती आधी मला आणून दाखवणार, "आबा, माजी," म्हणणार आणि मग खाणार. विजयमालाही लहानपणी असंच करायची. आम्ही दोघं ते बोलून दाखवत नाही, पण दोघांनाही आठवतं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. विजयमाला गेली तेव्हा तुमची मामी, अंबूबाई, जगेल असं मला वाटलं नव्हतं. तिने अंथरूण धरलं होतं. छबू रडायला लागली म्हणून ती उठली, आणि तिला कमरेवर घेऊन जी कामाला लागली ती आजतागायत. पैशांचं काहीही करा, पण हे ध्यानात ठेवा.

दिवाळीला या. करंज्या तुमच्या वाट्याच्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. छबूच्या हाताला लागायच्या आत या.

हंबीरराव

सांगली
२० नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप मामा आणि मामी,

दिवाळीला आलो नाही, राग धरू नका. उसाचं गाळप सुरू झालं की फिटरला रजा मिळत नाही. बोनस हातात मिळाला आणि पाडव्याला मी दुसऱ्या पाळीत चरकाखाली होतो. करंज्या छबूला द्या.

तुम्ही दोघांनी सांगितलेलं वाचलं. पोस्टाचं बरोबर आहे, म्हशीचंही बरोबर आहे. पण माझ्या मनात आणखी एक आलं आहे. विश्रामबागेकडे दोन खोल्या मिळतात. आत नळ आहे. बोनसमधून अनामत भरता येईल. सध्या आम्ही चौघं फिटर एका खोलीत पथाऱ्या टाकतो, तिथे लेकराला आणता येत नाही. दोन खोल्या झाल्या तर पुढल्या जूनमध्ये छबूला इथल्या बालवाडीत घालता येईल.

मामी, तुम्हाला वाईट वाटेल हे मला कळतं. पण माझंही ऐका. गेल्या खेपेला आलो तेव्हा छबू तुमच्या पदराआड गेली. तुम्ही "कोण आलंय बघ" म्हणालात, तर ती म्हणाली, "पाव्हणं." तुम्ही दोघं हसलात, मीही हसलो. परतीच्या एसटीत मात्र मला हसू आलं नाही. तुम्ही मला पाहुणे म्हणता म्हणून तीही म्हणते, तिचं चुकलं नाही. पण बाप असून मी तिचा पाहुणाच राहणार असेन, तर हा कायमचा पगार आणि बोनस कशासाठी?

तुमचं मत कळवा.

आपला
आकाराम

कोरेगाव
२५ नोव्हेंबर १९७४

आकारामरावांना आशीर्वाद.

मत विचारलंत म्हणून कळवतो. दोन खोल्या घ्याल, नळ असेल, सगळं खरं. पण तुमची कधी पहिली पाळी, कधी दुसरी, कधी रात्रपाळी. त्या वेळी पोरीला कोण बघणार? नळ?

पत्र वाचून झाल्यावर तुमची मामी भांडली नाही. ती भांडली असती तर मी निश्चिंत झालो असतो. तिने फक्त छबूला जवळ ओढलं आणि तिच्या केसांतल्या उवा बघत बसली. उवा नाहीतच. नंतर जेवलीही नाही. छबू विचारत होती, "आजी, तुजी भाकरी?" तर म्हणाली, "मला भूक न्हाई बाय."

तुम्ही बाप आहात, हक्क तुमचा. तो मी नाकारत नाही. पण एक सरळ विचारतो. आमच्या भावकीतला दादासो उंब्रजच्या बाजाराला गेला होता. त्याला तिथे तुमच्या आई दिसल्या. बरोबर दोन-चार माणसं होती आणि कुणाच्या तरी घरी जायचं होतं म्हणे. उंब्रजला तुमचं कोणी नातेवाईक नाही. तुमचं वय तिशीच्या आतलं आहे, तुमच्या आई काही गप्प बसायच्या नाहीत, एवढं मलाही कळतं. मग दोन खोल्या कशाला हव्यात तेही कळतं.

तसं असेल तर सरळ लिहा. मी हवालदार होतो. अर्धा रिपोर्ट मला चालत नाही.

हंबीरराव

सांगली
१ डिसेंबर १९७४

तीर्थरूप मामा आणि मामी,

तुम्ही ओळखलंत. लाज वाटत होती म्हणून मी लिहिलं नाही.

आईने उंब्रजची मुलगी ठरवली आहे. नाव पद्मा. लग्न १५ डिसेंबरला, रविवारी, उंब्रजलाच आहे. वाजंत्री नको म्हणून मी सांगितलं आहे. मुलगी शांत आहे, स्वतःचं बोलणारी आहे. छबूबद्दल तिला सगळं माहीत आहे, आणि लग्नानंतर छबू आमच्याकडे राहावी असं तिच्याही मनात आहे.

तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता विजयमाला उभी असेल. माझ्याही आहे. हळद लागेल तेव्हा मी काय करीन, मला ठाऊक नाही.

बोनसचं मी ठरवलं. तुमचं ऐकलं नाही, याची माफी मागतो. सोनाराकडे काम दिलं आहे. या आठवड्यात तो ते तुमच्या पत्त्यावर विमा उतरवून पार्सलने पाठवील. काय आहे ते पार्सल उघडल्यावर दिसेल. ते तुम्ही दोघांनी लग्नाला घेऊन यावं, छबूलाही आणावं आणि मामींच्या हाताने काम व्हावं. याहून जास्त मला पत्रात लिहवत नाही. दोनदा लिहून फाडलं.

तुम्ही आला नाहीत तर मला कोणी वडीलधारं आलं असं वाटणार नाही.

आपला
आकाराम

कोरेगाव
११ डिसेंबर १९७४

आकारामराव,

काल पोस्टमन लालासाहेब पार्सल घेऊन आला. त्यावर सांगलीच्या सोनाराचं नाव आणि लाखेचा शिक्का होता. मी हातसुद्धा लावला नाही. "घेत नाही" असं लिहून सही केली आणि त्याला परत पाठवलं.

सोन्याचं काय आहे ते उघडून बघायची गरज नाही. पहिल्या बोनसची बोरमाळ कुणाची होती हे तुम्हीच लिहिलं होतंत. ती आता दुसरीच्या गळ्यात पडणार, आणि तीही विजयमालाच्या आईच्या हाताने? हे तुमच्या मनात आलं तरी कसं? का नात नेण्याआधी आमच्यापुढे सोनं दाखवायचं आहे?

लग्न करा. माणसं करतात, त्यात पाप नाही. पण आम्ही येणार नाही आणि छबूही येणार नाही. तुमच्या मामीला मी पार्सलचं सांगितलेलं नाही. तिच्या जिवाला आधीच घोर लागला आहे.

हंबीरराव

सांगली
२ जानेवारी १९७५

तीर्थरूप आई आणि आबा,

पद्माचा वाकून नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही, आणि तुम्हाला आई म्हणायचा मला अधिकार आहे का हेही ठाऊक नाही. पण दुसरी हाक सुचली नाही. मी सातवीपर्यंत शिकले आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

लग्न झालं. मुहूर्ताच्या आधी हे दोनदा मांडवाबाहेर जाऊन रस्ता बघून आले. तुमचं पत्र आणि परत आलेलं पार्सल त्यांना आदल्या दिवशीच मिळालं होतं, तरी बघून आले. मला त्यांनी लग्नानंतर सांगितलं. त्यांना न विचारता मी हे पत्र लिहिते आहे.

आबा, त्या पार्सलात बोरमाळ नाही. टाक आहे, तुमच्या लेकीचा.

ही रीत तुमच्याकडेही असेल. पहिली गेली असेल तर तिचं तोंड टाकावर उठवून दुसरीने गळ्यात घालायचं. हळदकुंकू आधी तिला, नवं लुगडं आधी तिला. आणि तो टाक पहिलीच्या आईने स्वतः बांधायचा, म्हणजे पहिलीचं माहेर तेच दुसरीचंही माहेर होतं. हे मला बघायला आले तेव्हा म्हणाले, काही विचारायचं असलं तर विचार. मी म्हणाले, "पयलीचा टाक करनार हायसा का? करनार असला तर माझं व्हय हाय." मागून काकी चिमटे काढत होती.

मी असं का विचारलं ते सांगते. माझी आई मी तान्ही असताना गेली. तिचा फोटो नाही. माझ्या धाकट्या आईच्या गळ्यात तिचा चांदीचा टाक होता, त्यावर मी तिचं तोंड बघितलं, तेवढंच. धाकटी आई तापट होती. ती मारायला आली की मी तो टाक मुठीत धरायची आणि तिचा हात खाली यायचा. छबूला एवढं तरी असावं असं मला वाटलं.

ह्यांनी विजयाताईंचा लग्नातला फोटो सोनाराला नेऊन दिला. सोनार म्हणाला, टाक चांदीचा करतात, एवढं सोनं त्यात कशाला घालता? हे म्हणाले, "तिच्या गळ्यात घालायचं कबूल केलं हुतं, ते ऱ्हायलं. आता तिलाच सोन्याची करा." सगळा बोनस त्यात गेला. दोन खोल्यांचं राहिलं, आम्ही दोघं वेगळ्या एकाच खोलीत आहोत. माझी तक्रार नाही.

पार्सल मी फोडलेलं नाही. लाख तशीच आहे. माझ्या हाताने मी ते गळ्यात घालणार नाही. ह्यांना हंगामात रजा नाही. संक्रांतीला ते घेऊन मी एकटी आले, तर दारात उभी कराल का?

तुमची
पद्मा

कोरेगाव
७ जानेवारी १९७५

चिरंजीव सौभाग्यवती पद्माला आशीर्वाद.

बाळ, तुझं पत्र मी पडवीत उभ्याने उघडलं आणि उभ्यानेच दोनदा वाचलं. पलटणीत माझ्या हातून चुका झाल्या, शिक्षाही भोगल्या. पण असली चूक झाली नव्हती. आकारामने सरळ "टाक" एवढा शब्द लिहिला असता तर मी पार्सल डोक्यावर घेतलं असतं. पण त्याला लिहवलं नाही आणि मी उघडलं नाही.

अंबूबाईला सांगायला मला दोन दिवस लागले. ती जात्यापाशी होती. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी माजी ईजू दारात आली हुती? आन तुमी तिला उंबऱ्यावरनं माघारी धाडली?"



मग ती रडली. विजयमाला गेली तेव्हा रडली होती तशी. म्हणत होती, "लेक म्हायारी आली की तिच्यावरनं भाकरतुकडा ववाळून टाकत्यात, पायावर पानी घालत्यात. माज्या पोरीला कुनी बस बी म्हनलं न्हाई. आली तशी गेली." छबू तिचे डोळे पुसत होती आणि माझ्याकडे रागाने बघत होती. तेव्हापासून अंबूबाई माझ्याशी बोलत नाही. जेवण झालं की छबूला पाठवते, "आबाला म्हणावं, या गिळायला." छबू तसंच सांगते, शब्द न गाळता.

तू ये. कळव कोणत्या गाडीने येतेस, मी कोरेगावच्या स्टँडवर उभा असेन. दारात उभी करू का विचारतेस? भाकरतुकडा दोघींवरून ओवाळायचा आहे, दारात तर उभं राहावंच लागेल.

एक मात्र आधीच सांगतो, मागून फसवलं असं वाटायला नको. औंधच्या यमाईच्या यात्रेत मी म्हैस घेणार आहे, माझ्या पेन्शनमधून. सौदा तोंडी झाला आहे. छबूला इथेच ठेवायचं म्हणून घेतो आहे. टाक बांधला, माहेर झालं, तरी पोरगी मागू नकोस. तिच्यावाचून अंबूबाई राहणार नाही.

आबा

सांगली
९ फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप मामा आणि मामी,

छबूला येऊन तीन आठवडे होत आले. प्रवासात लागलेला तिचा खोकला थांबला. मला आता ती पाव्हणं म्हणत नाही, दादा म्हणते.

मामी, तिचं बोचकं तुम्ही आपल्या हाताने बांधलंत, हे पद्माने सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना. ती म्हणाली, आईंनी माझ्या गळ्यात टाक बांधला, बराच वेळ त्यावरून बोट फिरवलं, आणि चौथ्या दिवशी आपणहोऊन म्हणाल्या, "पोरगी आईपाशीच ऱ्हावी. तिची आई आता तुज्या गळ्यात हाय, तवा तुज्यापाशी ऱ्हावी." मी तुमच्यापुढे कधी बोललो नाही, पण आता लिहितो. तुमचं हे ऋण माझ्या जन्मात फिटणार नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहितो ते. मामींनाच वाचून दाखवा.

तुम्ही सांगितलेलं शहाणपणाचं एकही काम मी या बोनसमधून केलं नाही. कारखान्यात मला वेडा म्हणतात. मला वाटलं होतं, त्या एवढ्याशा सोन्यात छबूला तिची आई मिळेल. पद्मा तिला मांडीवर घेते, छबू टाक हातात धरते आणि म्हणते, "ही आजी."

पद्माने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आजी न्हवं, बाळ. ही तुजी आई." पोरगी मानत नाही. "आजीच हाय. कुकू बघ की." आणि तिचं चुकत नाही. विजयमालाचं तोंड मामींवरच गेलेलं होतं, आणि मामींसारखं रुपयाएवढं कुंकू ती लावायची. सोनाराने ते बरोबर उतरवलं. छबूने त्या तोंडाचं एकच माणूस पाहिलं आहे.

आता तर पद्मा चानकी करते, तीही छबू आधी टाकाला दाखवते. "आजी, खा," म्हणते आणि मग खाते. झोपताना टाकावर गाल ठेवते. मला ते बघवत नाही. दिवसभर घरात आजी आजी चालतं आणि विजयमालाचं नाव कुणीच घेत नाही. ती दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतं.

पद्मा म्हणते, राहू दे. आजी समजून धरते म्हणून रडत नाही, नाहीतर लेकरू कोरेगावकडे तोंड करून बसलं असतं. तेही खरं आहे. मला कळत नाही. मामी म्हणतील तसं करू.

आपला
आकाराम

कोरेगाव
१६ फेब्रुवारी १९७५

चिरंजीव आकारामराव आणि सौभाग्यवती पद्मा, दोघांना आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा तुमची मामी गोठ्यात होती. यात्रेतून म्हैस आणली. शब्द दिलेला होता, मोडता आला नाही. चांगली दुभती निघाली. ती आली तेव्हा छबू जाऊन दहा दिवस झाले होते. आम्ही दोघं किती दूध पिणार? शेजारी वाटतो.

अंबूबाई माझ्याशी आता बोलते. मुलीला स्टँडवर पोचवून आलो त्या दिवसापासून बोलते. मध्ये निरोप द्यायला कोणी उरलं नाही.

परातीतल्या शेवटच्या पिठाची चानकी ती छबू गेल्यावरही थापत होती. आधी मी काही म्हटलं नाही. एक दिवस विचारलं, "ही कुणाला?" तर म्हणाली, "पीठ उरतंय." ती चानकी म्हशीला जायची.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. "आजी, खा" ही जागा मी परत एकदा वाचून दाखवली. अंबूबाईच्या तोंडाकडे बघितलं. ते उजळलेलं होतं. विजयमाला गेल्यापासून असं तोंड मी पाहिलेलं नाही. पोरीने सांगलीला जाऊनसुद्धा आजीला सोडलं नव्हतं, सोन्यात बसवून गळ्याशी ठेवलं होतं. मला वाटलं, झालं, ही म्हणेल राहू दे. मीही मनात म्हणत होतो, राहू दे. एवढं तरी हिच्या वाट्याला राहू दे.

तिने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "लिवा." ती सांगत गेली तसं लिहितो, यात माझा एकही शब्द नाही.

"छबूला म्हनावं, ती आजी न्हवं. आई हाय. रोज सांगा. सांज-सकाळ सांगा. रडली तरी सांगा, पद्मा. लेकरू हाय, धा दिस रडंल आन मग म्हनंल. मी जिती हाय, मला टाक कशाला? माज्या ईजूला ह्या जगात आई म्हननारं एकच तोंड हाय. त्यानंबी म्हटलं न्हाई, तर माजी ईजू आई झालीच न्हाई. आन आजी कुटं हाय म्हनून इचारलं, तर म्हनावं लांब हाय. सारखं सारखं सांगू नका. इसरली तर इसरू द्या मला."

मी म्हटलं, "शेवटचं लिहू का?"

"लिवा म्हनते न्हवं," म्हणाली.

म्हणून लिहिलं आहे. तिने सांगितलं तसं करा. मला वाईट वाटतं, पण तिने सांगितलं तसंच करा. सुट्टी मिळाली की मुलीला घेऊन या. ती आजीला ओळखेल न ओळखेल, तरी या.

आज दुपारी तिने भाकरी केल्या. शेवटचं पीठ वेगळं काढलं नाही, मोठ्या भाकरीतच मिसळून थापलं. चानकी केली नाही.

हंबीरराव